कुसीदासुराच्या कपाळीचे मरण

पूर्वी त्रेतायुगाच्या उतरणीला, तमसेच्या तीरी, जिथे कदंबांच्या राईत भ्रमर गुंजारव करीत आणि पिकत्या साळीच्या सुगंधाने देवांची विमानेही क्षणभर थबकत, तिथे कुसीद नावाचा असुर राज्य करी. तप त्याने खरेच घोर केले होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. ब्रह्मदेव प्रसन्न झाला आणि बोलून बसला, "जे तुझे, ते त्रैलोक्यात कोणी हिरावणार नाही." वर देताना पुढचे बघायचे नाही, ही देवांची जुनीच खोड.

कुसीद दुष्काळात पसाभर साळ देई आणि ती फिटेपर्यंत माणूस राबवी. राबताना खाल्लेला घासही पुन्हा कर्जात. गडी जेवला तर कर्ज वाढे, न जेवला तर मरे. आणि मेला की त्याचे लेकरू त्याच्या जागी.

असाच तंडुक नावाचा म्हातारा गडी बांधावर कोसळला. दंडधारी, महिषारूढ यमधर्म पुढ्यात उभा राहिला. तंडुकाने त्याचे पाय धरले.

"धर्मराज, मरणाचे भय नाही. पण मी गेलो की माझी लेक नीवारा या जोखडात जाईल हो!"

कुसीद हसत आला. "न्या, न्या! पोरगी चांगली दणकट आहे."

यमाने शांतपणे विचारले, "असुरश्रेष्ठा, हा कोणाचा?"

"माझा! याचे हाड, मांस, श्वास, सगळे माझे. ब्रह्मदेवाला विचारा."

"मग या देहाच्या कपाळी लिहिलेले मरणही तुझेच. ते तुझ्यापासून मी कसे हिरावू? चल, बस रेड्यावर."

कुसीदाचा चेहरा राखेसारखा झाला. "छे छे! हा माझा कोणी नव्हे! पोरगीही नव्हे!"

यमाने शेतात वाकलेल्या शेकडो पाठींकडे नजर फिरवली. "आणि हे?"

"कोणीच नव्हे! जा रे, जा सगळे घरी!" असुर किंचाळला.

तंडुक अंग झाडून उठला. "चला महाराज, आता सुखाने येतो."

"थांब," यम म्हणाला. "साळ कापणीला आली आहे. एकदा स्वतःसाठी काप, लेकीच्या हातचा भात खा. मग बघू."

म्हातारा पुढे पुष्कळ वर्षे भात खात राहिला. यमालाही घाई नव्हती.

तेव्हापासून धान्याचे देणे धान्यानेच फिटते, माणूस गहाण पडत नाही. पुढे राजांनी हे शासन ताम्रपटांवर कोरले. पण पहिल्यांदा ते एका असुराने, जिवाच्या भीतीने, आपल्याच तोंडाने सांगितले. धर्म कळला म्हणून कोणी गडी सोडला, असे मी तरी ऐकलेले नाही.