खड्ड्याची राखण

फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते, आणि त्या गावच्या गवंड्याची मुलगी दूरच्या मुलखातून शिकून परत येत होती.

वाटेने चालताना तिने मनाशी सगळे चित्र रंगवून ठेवले होते. गाव आपल्याला हसेल. बाईमाणूस पाया आखणार, असे म्हणून लोक तोंडाला पदर लावतील. मग आपण त्यांना आपली विद्या दाखवू. आणि वडील अंगणात ताठ बसलेले असतील. ते म्हणतील, "आलीस? आता सांग या लोकांना, चूक माझी नव्हती म्हणून." या एका वाक्यासाठीच तर ती घर सोडून जमिनीची विद्या शिकायला गेली होती.

प्रत्यक्षात निराळेच घडले. वेशीवर बायका आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या. पाटलांनी स्वतः नारळ फोडला. कोणी हसले नाही, कोणी काही विचारले नाही. आणि वडील अंगणात नव्हते. शेजारच्या परसात उकिडवे बसून ते कोणाची तरी चूल घालत होते.

"आबा, तुम्ही आणि चुली?" तिला राहवले नाही.

"चूल बरी असते, पोरी," हाताची माती पुसत ते म्हणाले. "ढासळली तर एका घरची भाकरी उशिरा होते. एवढंच."

ते असे का म्हणाले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. ती लहान असताना आबांनी गावासाठी धान्याचे मोठे कोठार बांधले होते. चिरेबंदी, खळ्याच्या शेजारी. दोन पावसाळे ते दिमाखात उभे राहिले. मग त्याचा एक कोपरा खचला, भिंत फाटली आणि छप्पर आत आले. साठवलेले धान्य भिजून त्याला मोड फुटले. त्या साली गावातली मुले उकडलेली कंदमुळे खाऊन निजली.

आबांना कोणी शिव्या दिल्या नाहीत. कोणी त्यांच्या दारावर दगड मारला नाही. उलट सुगीत त्यांच्या घरी न चुकता पसाभर डाळ पोचत राहिली. पण त्यानंतर कोणी त्यांना भिंत घालायला बोलावले नाही. "त्याचा हात उतरला," लोक हळू आवाजात म्हणत. ते इतक्या मायेने म्हणत, की शेवटी आबांनाही ते खरे वाटू लागले. त्यांनी भिंत सरळ आहे का ते पाहायचा आपला ओळंबा खुंटीला अडकवला, आणि तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाटील गडीमाणसे घेऊन घरी आले. "लेकी, कोठार आता तू बांध. जागा तीच, खळ्याशेजारची. मळणी झाली की धान्य थेट आत. दगड आणून ठेवलाय, मुहूर्त परवाचा आहे. सुगीच्या आत छप्पर चढलं पाहिजे बघ."

"चढवते," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. त्याच जागी आपण कोठार उभे करू, म्हणजे गाव आबांकडे पुन्हा मान वर करून पाहील, असे तिला वाटले. "पण आधी जमिनीला विचारून घेते."

"जमीन काय बोलते का?" कुदळ घेऊन आलेला एक तरणा गडी म्हणाला.

"बोलते. पण फार हळू."

"मग आमच्या सासूबाईंपेक्षा बरी!" घमेले उचलणारी एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले.

त्या दिवशी त्यांनी खळ्याशेजारी पुरुषभर खोलीचे खड्डे घेतले. वर काळी माती लागली, तिच्याखाली पिवळसर चिकण. पण सगळे कोरडे आणि इतके घट्ट, की पहार आपटली की हाताला झिणझिण्या येत. मुलीने मातीचा गोळा चुरून पाहिला, हुंगून पाहिला, आणि ती समाधानाने हसली.

सूर्य कलला, तशी काठी टेकत गावची सगळ्यांत वयस्क बाई आली. तिला सारे मोठीआई म्हणत.

"दिवेलागण झाली. बुजवा," मोठीआई म्हणाली.

गड्यांनी मुकाट्याने फावडी उचलली. त्या गावचा तसा नियमच होता. उघड्या खड्ड्याशेजारी गाव निजत नसे. सकाळी खणलेला खड्डा दिवा लागायच्या आत बुजवायचाच, मग तो कशासाठीही खणलेला असो.

"थांबा!" मुलगी म्हणाली. "मला उद्या परत बघायचंय. मोठीआई, खड्डा उघडा राहिला म्हणून काय होणार आहे? हे सगळं अडाणीपण आहे."

मोठीआईचा चेहरा उतरला. ती वाकली, मूठभर माती उचलली आणि स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकली. मग गड्यांनीही माती लोटली. त्या संध्याकाळी मुलीशी कोणी फारसे बोलले नाही.

सकाळी ती पडक्या कोठाराकडे गेली. नव्या कामाआधी जुने काम बघावे, असे तिला गुरूंनी शिकवले होते. वाकून बघते तो काय, तळाच्या चिऱ्यांवर मिठासारखी पांढरी खार चढलेली. सगळीकडे सारख्या उंचीपर्यंत, जणू कोणी चुन्याने रेघ ओढली असावी. वरचे चिरे मात्र स्वच्छ.

खार पाण्याशिवाय चढत नाही. दगड सांगत होते, इथे पाणी आहे. खड्डे सांगत होते, इथे पाणी नाही. दोन साक्षीदार, आणि दोघांची साक्ष वेगळी.

ती धावत परसात गेली. आबांची चूल अजून अर्धीच झाली होती.

"आबा, कोठाराचा पाया तुम्ही कसा खणला होता?"

"जसा खणतात तसा. रोज थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"दिवसभरात दगड भरून होईल तेवढाच. सकाळी चर खणायचा, संध्याकाळच्या आत दगड घालून बंद करायचा. दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. उघडा ठेवून कसं चालेल?"

मुलगी तिथेच मातीत बसली. चिकण माती पाणी पटकन सोडत नाही, हे तिला ठाऊक होते. खड्ड्याच्या भिंतीला पान्हा फुटावा तसे ते थेंबाथेंबाने येते, आणि यायला वेळ लागतो. या गावात कोणत्याही खड्ड्याला तेवढा वेळ मिळालाच नव्हता. आबांच्या चराला नाही, कालच्या खड्ड्यांना नाही. जमिनीला सगळ्यांनी प्रश्न विचारला होता, आणि तिने तोंड उघडण्याआधीच तिचे तोंड बुजवले होते. 'काल तूही तेच केलंस,' तिचे मन तिला म्हणाले. 'कोरडी ढेकळं बघून हसलीस.'

मुहूर्त उद्यावर आला होता. खड्डा उघडा ठेवायचा, तर गावाचा नियम मोडणार. नियम पाळायचा, तर कदाचित पुन्हा कोपरा खचणार, पुन्हा धान्य भिजणार. आणि या वेळी लोक काय म्हणतील तेही तिला कळत होते. ते मायेनेच म्हणतील, 'बापाचा हात उतरला होता, लेकीचाही उतरला.'

ती मोठीआईच्या ओट्यावर गेली. खाली बसली.

"मोठीआई, काल मी तोंडाला येईल ते बोलले. माझं चुकलं. पण मला सांगा, हा नियम कुठून आला?"

मोठीआई वाती वळत होती. "आता कोणी विचारत नाही ते," ती म्हणाली. "मी परकरी होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा कोठारं नव्हती. वरच्या माळावर पेवं खणायचे आणि त्यात धान्य साठवायचे. माझ्या बापानं एक पेव खणलं. खोल. संध्याकाळ झाली म्हणून तसंच उघडं टाकून सगळे जेवायला आले. माझा धाकटा भाऊ खेळता खेळता..." तिने हातातली वात खाली ठेवली. "सकाळी सापडला. तेव्हापासून माझ्या बापानं दारोदारी जाऊन सगळ्यांना हात जोडले, की बाबांनो, खड्डा उघडा ठेवून निजू नका. पेवं बंद झाली. माळावर कोणी जाईना. पुढे कोठार आलं, तेही खाली, खळ्यापाशी."

ज्याला मुलगी अडाणीपण म्हणाली होती, ते एका बापाचे दुःख होते. साऱ्या गावाने ते आपले मानून जपले होते.

"मोठीआई," ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना भीती खड्ड्याची नव्हती. खड्ड्यापाशी कोणी नव्हतं, याची होती. मी एक खड्डा उघडा ठेवला आणि सकाळपर्यंत त्याच्यापाशी राखणीला बसले, तर?"

मोठीआईने तिच्याकडे पाहिले. मग बाजूला पडलेली काठी चाचपून घेतली.

"तर मीही बसेन," ती म्हणाली. "माझ्या भावापाशी कोणी बसलं नव्हतं."

त्या दुपारी बुजवलेल्यांपैकी एक खड्डा पुन्हा मोकळा केला. दिवेलागणीला मोठीआई घोंगडी घेऊन आली. आबा आले आणि पलीकडच्या कडेला बसले. पाटलांनी कंदील आणला. "मी काही बसायला आलेलो नाही," असे म्हणून तेही बसले. लहान मुलांना त्या रात्री घराबाहेर कोणी सोडले नाही. कोणी ओव्या म्हटल्या, कोणी पेंगले. पाटील सगळ्यांत मोठ्याने घोरले.

उजाडले, तेव्हा खड्ड्याच्या तळाशी आभाळ दिसत होते.

गुडघाभर पाणी साचले होते. कालपर्यंत दगडासारख्या वाटणाऱ्या चिकणीच्या भिंती आता लोण्यासारख्या सुटत होत्या. मुलीने वर बघितले. डोंगराच्या उतारावर गावाचे तळे चमकत होते. त्याचेच पाणी मातीतून वाट काढत इथे उतरत होते.

पाटील डोळे चोळत उठले. त्यांनी खड्ड्यात डोकावले आणि नंतर दगडांच्या ढिगाकडे पाहिले. "उपसून टाकू," ते म्हणाले. "मोठमोठे दगड घालू. मुहूर्त आज आहे लेकी, भटजी येतील एवढ्यात."

"आज उपसाल, पाटीलबाबा. पण तळं तर रोज पाझरणार. पावसाळ्यात ही माती फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. तिच्यावर कितीही मोठा दगड ठेवा, तो तिच्याबरोबर हलणार."

आबा इतका वेळ खड्ड्याच्या कडेला उभे होते. त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

"हे पाणी तेव्हाही होतं?"

"होतं, आबा."

"म्हणजे माझा हात..."

"तुमच्या हातानं घातलेला एकही चिरा सांध्यातून सुटलेला नाही. मी कालच पाहिलं. हात नव्हता उतरला. हाताखालची जमीन उतरली."

पण आबा सचोटीचे गवंडी होते. "तरी बघायला हवं होतं ना मी?"

"हो, बघायला हवं होतं," मुलगी म्हणाली. "तुम्ही, मी, सगळ्यांनीच."

पाटलांनी डोक्यावरचे पागोटे सारखे केले. ते आबांच्या जवळ आले, आणि त्यांनी आबांच्या हाताला हात लावला. कित्येक वर्षांत कोणी लावला नव्हता.

तेवढ्यात भटजी आले. गाव जमा झाले. ताटे, हळदकुंकू, फुले, सगळे तयार होते. सगळ्यांच्या नजरा मुलीवर होत्या. आता एक होकार दिला असता, तर सुगीच्या आत छप्पर चढले असते आणि तिचे नाव पंचक्रोशीत झाले असते. त्या होकारासाठी ती केवढा प्रवास करून आली होती!

तिने खड्ड्यातल्या पाण्याकडे एकदा पाहिले, आणि ठरवले.

"आज मुहूर्त नाही," ती म्हणाली. "इथे कोठार होणार नाही. मी सुगीचा शब्द दिला होता, तो मी मोडते आहे. यंदाचं धान्य घरोघरी सांभाळावं लागेल, आणि त्याचा बोल माझ्यावर. आपण माळावर जाऊ. आपले आजे-पणजे धान्य जमिनीत पुरायचे ते माळावर, कारण तिथलं पेव कोरडं राहायचं. पण त्यांनी केलं म्हणून आपण मानायचं नाही. तिथे खड्डे घेऊ, उघडे ठेवू, आणि पाळीपाळीनं राखण बसवू. खाली मुरूम लागला, खडक लागला, आणि सकाळी तळ कोरडा दिसला, तरच पाया. आणि पायाचा चरसुद्धा असाच. एक रात्र राखल्याशिवाय त्यात दगड पडणार नाही."

"आणि रेघ कोण आखणार?" गर्दीतून कोणीतरी विचारले.

मुलगी काही म्हणायच्या आत मोठीआईने काठी उचलून आबांकडे दाखवली. "तो आखील. ओळंबा अजून खुंटीलाच आहे ना रे तुझा?"

आबा घराकडे वळले. आत गेले, बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ओळंबा होता. धूळ त्यांनी सदऱ्याला पुसली, आणि ते माळाच्या वाटेला लागले. त्यांच्यामागे मुलगी, तिच्यामागे पाटील, आणि पाटलांच्या मागे सारे गाव.

"अहो गवंडीदादा!" परसातून एक बाई ओरडली. "माझी अर्धी चूल?"

"उद्या!" आबा मागे न बघता म्हणाले.

तात्पर्य: जमीन असो वा माणूस, एकदा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहावे.