नाक दाबून बसलेली शाईची डबी

यंत्रं अजून आपापसांत बोलत होती, तेव्हाची गोष्ट. यमूताईंच्या घरच्या प्रिंटरात शाईची एक काळी डबी राहायची. एकदा ती पार आटली आणि तिला रिकामं होण्याची भीतीच बसली. यमूताईंनी इंजेक्शनच्या सुईने तिच्यात नवी शाई भरली, भोकावर चिकटपट्टी लावली. शेजारी हवेचं बारीक छिद्र होतं. डबीने पट्टी ओढून तेही गच्च झाकलं आणि पोटातल्या काळ्याभोर तळ्याकडे बघत ती स्वप्नात गेली.

यमूताईंना नातीच्या बारशाचं आमंत्रण छापायचं होतं. कागद आला तो कोरा. सफाईचं बटण दाबलं, सेटिंग बदललं, तरी कोराच. डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "चहा घेते नि अजून एकदाच बघते. नाहीतर कचऱ्यात!"

डबी दचकली आणि टेबलावरच पडलेल्या सुईला म्हणाली, "सुईमावशी, मी काठोकाठ भरलेय गं, पण शाई उतरतच नाही!"

"उतरेल कशी? नारळाचा एकच डोळा फोडला तर पाणी येतं का? दुसऱ्यातून वारा आत जावा लागतो. तू तर नाक दाबून बसलीयेस, बये!"

"पण मी पुन्हा रिकामी होईन."

"होशील की. मग मी आहे ना भरायला!"

डबीने भीतभीत पट्टीचं टोक सोडलं. चहा घेऊन आलेल्या यमूताईंनी तिला प्रिंटरात परत बसवलं. गार झुळूक आत शिरली, तळ्यावर तरंग उठला आणि झोप उतरावी तशी शाई हलकेच खाली उतरली. कागदावर एकेक अक्षर उगवत गेलं.

"चला, बारसं होतंय!" यमूताईंनी ओल्या अक्षरांवर फुंकर घातली.

तळं थेंबभर खाली गेलं होतं. डबीने पट्टी पुन्हा ओढली नाही.