पहिली काठवट नदीची

एकदा काय झालं, एका नदीच्या वाळूत सोनं होतं. फार नाही, बरं का. भाजीत मीठ असतं ना, तेवढंच. नदीचं नाव हळदुली. तिच्या काठी सोमती आणि तिचा नवरा सुकरू राहायचे. लाकडाच्या काठवटीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल फिरवायची. वाळू वाहून जायची, तळाशी कण उरायचे. सगळ्या गावाचा हाच धंदा. पण रोजची पहिली काठवट नदीची. तिच्यात कितीही चमकलं तरी परत पाण्यात सोडायची. रीतच होती तशी.

मग एक दिवस सात समुद्रांपलीकडचा एक टोपीवाला साहेब वाट चुकून तिथं आला. सोमतीनं त्याला पेज पाजली. गावाची आणखी एक रीत होती. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं त्याच्या रुमालाच्या टोकाला गुंजभर सोनं बांधलं.

"सोनं काहून देतेस वं त्याले?" सुकरू म्हणाला.

"मंग काय तुमचं पागोटं देऊ?"

दोघंही हसले. पण त्या गुंजेनं घात केला. साहेब परत आला तो शिपाई आणि खणणाऱ्यांचा तांडा घेऊनच. काठावर खांब रोवून म्हणाला, "आजपासून ही नदी आमच्या राणीची."

मग खड्ड्यांना टेकू द्यायला डोंगरावरची झाडं गेली. मग काठ खणले, पाणी गढूळ झालं. मग सोनं पकडायला पाण्यात पारा ओतला, आणि मासे उलटे तरंगू लागले. सुकरूही मजुरीला खड्ड्यात उतरला. शेतं पडीक राहिली. बाजारात तांदूळ महाग झाला, दारू स्वस्त. पहिली काठवट सोडायला गेलं, तर मुकादम चाबूक उगारायचा. सोमतीला घास गोड लागेना. ती गाठ तिनंच मारली होती ना!

एका सकाळी ती पाण्याला गेली, तर नदी काठावर बसलेली. हो, बसलेली! म्हातारी, हळदी रंगाचं लुगडं चिखलानं माखलेलं. बोचकं बांधत होती.

"कुठं चालली, माय?"

"डोंगराच्या पोटात. सोनं घेते, पाणी घेते अन् जाते."

"सोनं ने, माय. पाणी ठेव."

"धंदा बुडंल तुमचा."

"बुडू दे. पेज पाण्यात शिजते, सोन्यात नाही."

"मंग घरातलंही दे. एक कण उरला, तं त्याच्या वासानं ते पुन्हा येतील."

सोमतीनं नाकातली फुली काढून काठवटीत ठेवली. मग गळ्यातले मणी ठेवले. नदी थांबूनच होती. मग सोमतीनं पदराची गाठ सोडली. लेकीच्या लग्नासाठी जपलेले कण होते ते. पण तिनं तेही ठेवले आणि काठवट पाण्यात रिकामी केली.

"ही पहिली काठवट," ती म्हणाली.

म्हातारी हसली आणि पाण्यात उतरली. त्या दिवसापासून साहेबाच्या माणसांना नुसती वाळू मिळू लागली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला तंबू उठले. साहेब सोमतीच्या दारात आला.

"सोनं कुठं गेलं?"

"ज्याचं त्याच्याकडं. पेज घेता, पाहुणे?"

तो पेज प्यायला. त्याला तरी रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? सोमतीनं त्याच्या रुमालाच्या टोकाला मूठभर वाळू बांधली. चांगली धुतलेली, बरं का.

मग खड्ड्यांत पाणी साठलं. सुकरूनं त्यात शिंगाडे लावले. लेकीचं लग्न शिंगाड्यांवरच झालं, आणि जेवणावळ दणक्यात उठली. मासे हळूहळू आले. डोंगराला झाडं यायला मात्र फार वेळ लागला. ते काम जादूनं होत नाही, सोमतीनं आणि तिच्या नातवंडांनी एकेक रोप लावलं. पण लागली हो झाडं. आणि शिंगाड्यांची पहिली टोपली अजून नदीलाच जाते.

सोमती सुखात राहिली, हळदुली सुखात वाहिली. आता रात्री तिचं पाणीसुद्धा हळू चालतं म्हणे. तुम्हीही आता पाय पोटाशी घ्या आणि निजा.