तुळईची काळजी

एका गावात वेबसाइट बनवणारा एक माणूस राहत होता. गाव यंत्रमागांचं, पण याच्या घरात माग नव्हता. टेबलावर एक कॉम्प्युटर होता आणि त्यावरच त्याचं पोट चाले. नाव श्रीरंग मगदूम.

त्याचं सगळं काम 'तुळई'वर उभं होतं. तुळई म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. अशा सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. तिला मालक नव्हता. ज्याला हवी त्याने फुकट न्यावी, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती सगळ्यांसाठी ठेवावी, अशी रीत होती. श्रीरंगने तुळईवर दूध संघाची वेबसाइट उभारली, शाळेची उभारली, आणि तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात कोणत्या रुग्णाची पाळी कधी हे ठरवणारीही उभारली.

सुरुवातीला तुळईच्या चर्चेच्या पानावर जत्रा असे. अडलेल्याने प्रश्न टाकावा आणि चहा निवायच्या आत उत्तर यावं. पुढे कोणाला मोठ्या नोकऱ्या लागल्या, कोणी नव्या फ्रेमवर्कच्या मागे गेले. पान ओस पडत गेलं. शेवटी सांभाळणारी एकटी उरली, वर्ध्याची हेमांगी ढोबळे. ती बँकेत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात तुळई पाही.

एकदा श्रीरंगच्या प्रश्नाला महिना उलटला तरी उत्तर आलं नाही. तुळई बंद पडली तर आपण कुठे जायचं? त्याने पानावर लिहिलं, 'तुळई मरते आहे का?'

आणि ओस पडलेलं पान एकदम गजबजलं. वर्षभर न फिरकलेले लोक धावून आले. कोणी म्हणाला, पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. कोणी म्हणाला, समिती नेमा. कोणी सगळा दोष हेमांगीच्या माथी मारला. श्रीरंगची पाठ अनेकांनी थोपटली. 'वेळेवर बोललात,' असं ते लिहीत होते. श्रीरंगला बरं वाटलं. आपण मोठंच काम केलं, असं त्याला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी हेमांगीचा फोन आला.

"श्रीरंग, काळजी केलीत, चांगलं वाटलं. आता एक काम कराल? लॉगिनच्या भागात एक भोक सापडलंय, त्यातून कोणीही परका आत शिरेल. दुरुस्ती मी लिहिली आहे, पण दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय ती तुळईत घालायची नाही, असा आपला नियम आहे. तो भाग तुम्हाला माहीत आहे. एकदा नजर टाका."

"टाकतो ना, ताई. या आठवड्यात जरा गडबड आहे."

आठवडा गेला, महिना गेला. हेमांगीने पुन्हा फोन केला.

"ताई, मी एकटाच आहे का? एवढे लोक आहेत, कोणीतरी बघेलच की."

हेमांगी म्हणाली, "मी सगळ्यांना विचारलं, श्रीरंग. प्रत्येकजण हेच म्हणाला."

काही दिवसांनी तिने पानावर लिहिलं की तिच्याने आता होत नाही, कोणी पुढे येत असेल तर ती तुळईच्या किल्ल्या, म्हणजे बदल करायचा अधिकार, द्यायला तयार आहे. खाली आभारांचा पाऊस पडला. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. किल्ल्या मागायला कोणी आलं नाही. श्रीरंगनेही 'तुमचे उपकार विसरणार नाही' असं लिहिलं आणि तो दूध संघाच्या कामाला लागला. हेमांगीने तुळईचं काम थांबवून दार ओढून घेतलं.

भोक तसंच राहिलं. ज्यांना भोकं शोधायचाच धंदा, त्यांनी ते शोधलं. एका सोमवारी डायलिसिस केंद्राची वेबसाइट उघडेना. आतली सगळी माहिती कोणीतरी कुलूपबंद करून टाकली होती. श्रीरंगकडे जुनी प्रत होती, पण ती जागेवर बसवायला दोन दिवस गेले. तोवर केंद्रात कोणाची पाळी कधी हे कोणालाच सांगता येईना. यंत्रं मोजकी, माणसं दाटलेली. ज्याचा आवाज मोठा, तो आत गेला.

शिरगुप्पे सर मात्र आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी श्रीरंगला शाळेत गणित शिकवलं होतं. "परवा या," असं केंद्रात सांगितल्यावर ते मान डोलावून घरी परतले. त्यांना परवाचा दिवस दिसला नाही.

श्रीरंगला बातमी कळली तेव्हा त्याने पहिल्यांदा हेमांगीची ती दुरुस्ती उघडली. वाचून व्हायला अर्धा तासही लागला नाही. दुरुस्ती बरोबर होती. एक अक्षरही बदलावं लागलं नसतं.

तो सरांच्या घरी गेला. दारात चपलांचा ढीग होता. आत सरांच्या पत्नी, काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याला पाहून त्यांनी शेजारी जागा केली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच त्याला सोसवेना.

"तुझ्या त्या वेबसाइटला झालं तरी काय होतं रे, श्रीरंग?"

"एक दुरुस्ती राहून गेली होती, काकू."

"कोणाकडून?"

श्रीरंगचे ओठ हलले. आजवर तो म्हणत आलेला 'कोणीतरी' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. तो त्याने गिळला.

"माझ्याकडून," तो म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मान वळवली, आणि पुन्हा त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो उठून बाहेर आला. तुळईच्या पानावर त्या दिवशीही चर्चा रंगली होती, आणि या वेळी चूक कोणाची, यावर जो तो हिरिरीने लिहीत होता.

तात्पर्य: जे सगळ्यांचं असतं ते काळजी व्यक्त केल्याने टिकत नाही, ज्याला त्याची गरज आहे त्याने हात लावल्याने टिकतं; 'कोणीतरी करील' म्हणून सोडलेल्या कामाची किंमत बहुधा भलताच कोणी मोजतो.