सातवं वळण

"पण तात्या, भीती जाते तरी कशी?"

पुष्करने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तात्या शेलारांनी अडकित्ता खाली ठेवला. कुंभार्ली घाटात एकतीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस, उत्तराची घाई त्याला कधीच नसे.

"पोतं खांद्यावर मारून चालत आलास. स्कूटर कुठाय?"

गेममधली गाडी दरीत पडू लागल्यापासून पंधरा दिवसांत पुष्करने स्कूटरला हात लावला नव्हता. नाक्यावरचं साधं वळण आलं तरी हात गार पडत, हे त्याने आईलाही सांगितलं नव्हतं.

पोत्यातलं सामान त्याने ओसरीवर मांडलं होतं. लॅपटॉप, स्टिअरिंग, पायाखालची पेडलं. शर्यतीच्या गेममधलं त्याचं दोन वर्षांचं करिअर त्यात होतं. अकरा रस्ते, अकराही ठिकाणी पहिला नंबर. तालुक्यात आपल्याला तोड नाही, हे तो येताक्षणीच सांगून मोकळा झाला होता.

बारावा रस्ता डोंगरातला. सरावात सातव्या वळणावरून त्याची गाडी त्रेसष्ट वेळा दरीत गेली होती.

"आन खऱ्या शर्यतीत?"

"एकच संधी, तात्या. शर्यत मध्येच सोडता येत नाही. गाडी पडली की सगळं पुसलं जातं. शेवटची रेघ गाठली तरच करिअर राहतं."

तात्या खुर्ची ओढून स्टिअरिंगसमोर बसले. चष्मा पुसला. पडद्यावरची अक्षरं सावकाश वाचली आणि एक बटण दाबलं.

पुष्कर पुढे झेपावला.

"तात्या, ते सरावाचं नाही! ती खरी शर्यत आहे!"

"ठावं हाय. वाचाया येतं मला."

गाड्या सुटल्या. बघता बघता सगळ्या पुढे निघून गेल्या. तात्या मात्र भरली एसटी चालवावी तसे निघाले होते. पहिलं वळण... तिसरं... पाचवं... पुष्कर वळणं मोजत होता.

सातव्या वळणावर तात्यांनी ब्रेक दाबला. गाडी अगदी कड्याला लागून उभी राहिली. पुढचं चाक अर्धं बाहेर.

"वाकून बघ खाली."

"नको..."

"त्रेसष्ट बारी गेलास तिथं. एकदा बघ तर."

पुष्करने एक कळ दाबून पडद्यावरची नजर खाली वळवली. तिथे नदी नव्हती, झाड नव्हतं, साधा दगडही नव्हता. गेम बनवणाऱ्यांनी दरी काढलीच नव्हती. खाली नुसता राखाडी रंग होता.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही..."

पण त्याची भीती काही कमी झाली नाही. ते काहीच नसणं त्याला दरीहून भयंकर वाटलं.

तात्या उठले.

"बस."

"मी? तात्या, पहिला नंबर तर गेलाच की!"

"तू नंबर कुठं इचारलास? वळण इचारलंस."

पुष्कर बसला. दोन वर्षांचं करिअर अजून कड्यावर उभं होतं, आणि मागे घ्यायला गाडीभर जागा. त्याने स्टिअरिंग धरलं आणि दचकून हात काढला.

स्टिअरिंग ओलं होतं. तो घाम त्याचा नव्हता.

त्याने मान वर करून पाहिलं. तात्या धोतराच्या सोग्याला तळवे पुसत होते.

"तात्या... तुम्हीपण घाबरलात?"

"एकतीस वरसं. रोज."

पुष्करला रडूच यायचं बाकी होतं. सगळा घाट ज्यांना निडर म्हणायचा, तेच हे.

"मग ही भीती मी गाडीतून उतरवू तरी कशी?"

तात्यांनी अडकित्ता उचलला, सुपारी धरली.

"उतरवतोस कशाला? बसू दे मागं. फकस्त सांग तिला, चालत्या गाडीत डायवरशी बोलायचं न्हाई."