तानूबाईचा एकच फोन

एकदा एक वृद्ध पशुवैद्य होते. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका बाजाराच्या गावात त्यांचा दवाखाना होता. आसपासची माणसं त्यांना अण्णा म्हणत. अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालून आडवं आलेलं रेडकू सरळ करावं तर अण्णांनीच, अशी त्यांची ख्याती होती. आयुष्यभर त्यांनी एकच नियम पाळला. बोलावणं आलं की निघायचं. हातातला घास ताटात ठेवून निघायचं. त्यांच्या पत्नीने यावरून त्यांना काय काय ऐकवलं असेल ते विचारू नका, पण नियम मोडला नाही.

उतारवयात त्यांनी एक शिष्य घेतला. हेरंब त्याचं नाव. पदवी घेतलेला, हुशार, हाताला गुण असलेला मुलगा. फक्त माणसांपेक्षा यंत्रावर त्याचा विश्वास जरा जास्त. आता तुमच्याआमच्या खिशात काय असतं ते पाहिलं, तर त्याला नावं ठेवायला आपण तरी कोण मोठे लागून गेलो!

दवाखान्यातला फोन दिवसभर वाजायचा. इकडे दोघांचेही हात बैलाच्या खुरात अडकलेले आणि तिकडे कोपऱ्यात फोन कोकलतोय, असं रोजचंच. हेरंबने त्यावर उपाय काढला. त्याने व्हॉइसमेल बसवला. कुणी फोन उचलला नाही, तर यंत्र उचलणार, निरोप सांगा म्हणणार, आणि तो निरोप हेरंबच्या मोबाइलवर लगेच येणार. एका वेळी मात्र एकाचाच निरोप घेता येई. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा फोन आला, तर एका बाईचा गोड आवाज सांगे, "यंत्रणा व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

हेरंबने अण्णांना सगळं करून दाखवलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि ज्यांना या बाईंनी परत पाठवलं, त्यांचे नंबर?"

"ते राहत नाहीत, अण्णा. पण ते पुन्हा करतील की. गरज त्यांना आहे."

"हं," अण्णा म्हणाले.

अण्णांच्या 'हं'चा अर्थ जुन्या लोकांना बरोबर कळे. हेरंबला अजून कळायचा होता.

पुढचे काही आठवडे फार सुखाचे गेले. निरोप ओळीने येत, हेरंब ओळीने कामं उरकी. गावातले दूधवाले शेठजी तर या यंत्रावर बेहद्द खूश झाले. त्यांच्याकडे मिरवणुकीचा एक पांढराशुभ्र घोडा होता. त्याने सकाळी किती खाल्लं, दुपारी किती ठेवलं, कुठल्या कानावर माशी बसली, हे सगळं ते सविस्तर सांगत. ऐकणारा मध्ये तोंड घालत नाही, याचं सुख शेठजींना घरी कधी मिळालं नव्हतं.

"बघितलंत अण्णा, दवाखाना किती शांत झाला!" हेरंब म्हणाला.

"म्हणूनच मला झोप येत नाही," अण्णा म्हणाले.

आणि मग आठवडी बाजाराच्या दिवशी अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. दवाखान्याला कुलूप घातलं, हेरंबला बरोबर घेतलं, आणि गुरांच्या बाजारात शिरून दिसेल त्याला हात जोडून विचारू लागले, "काय रे, मला फोन केला होतास का?"

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस, आणि शेणामुतात उभा राहून शेळ्यामेंढ्यांच्या मालकांपुढे हात जोडत फिरतोय! म्हाताऱ्याला भ्रम तर झाला नाही ना, अशीही शंका त्याच्या मनाला चाटून गेली. पण लोक उत्तरं देऊ लागले तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"केला हुता की अण्णा. ती कोण बाई ठेवलीया? लई तोऱ्यात बोलती."

"म्या केला हुता. म्हटलं नंबर गेलाय, अण्णा करतील उलटा. बैल आपोआप बरा झाला म्हणून वाचला बघा."

बाजाराच्या कडेला तानूबाई उभी होती. एकटी बाई, नवऱ्यामागे म्हशीच्या दुधावर घर चालवणारी. तिच्या हातात मोहरीचा कासरा होता. मोहरी म्हणजे तिची म्हैस, दिवस भरत आलेली, पोट जमिनीला लागतंय की काय अशी. समोर शेठजी उभे होते आणि भाव पाडून मागत होते.

"तानू, अगं व्यायला आलेली म्हैस बाजारात आणलीस?" अण्णांनी विचारलं.

तानूबाईचे डोळे एकदम भरून आले. "मागं माझी शेळी फुगली तवा फोन केला तुमाला. मशीन बिझी हाय म्हणाली. म्हटलं, अण्णांना कळलंय, अण्णा करतील. फोन मांडीवर घेऊन बसले. फोन काय आला न्हाई. शेळी गेली. आता हिचं अडलं तर म्या एकटी काय करू? त्यापरीस जिती हाय तवर इकलेली बरी."

अण्णांनी तिच्या हातातला कासरा धरला. "मोहरी विकायची नाही. तिच्या कळा सुरू झाल्या की एक फोन कर. एकच. मी शब्द देतो, उत्तर येईल."

शेठजी गालातल्या गालात हसले. "शब्द तुमचा, अण्णा. पण फोन तर यंत्र उचलतं ना?"

तानूबाईने एकदा अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने मोहरीला वळवलं आणि घराची वाट धरली. आता नीट ऐका. त्या बाईने आपल्या घरातलं होतं नव्हतं ते एका म्हाताऱ्याच्या शब्दावर ठेवलं होतं. आणि तो शब्द राखायचा होता हेरंबच्या यंत्राने.

परतताना हेरंब चिडलाच. "अण्णा, तिने पुन्हा फोन करायला काय हरकत होती? यंत्र स्पष्ट सांगतं, पुन्हा प्रयत्न करा म्हणून!"

अण्णा वाटेतल्या एका दगडावर बसले. "बाळ, आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. माणूस मिस कॉल देतो आणि निर्धास्त होतो. का? तर समोरच्याला आपलं नाव दिसलं, आता तो करील. या भरवशावर आपली निम्मी माणसं जगतात. तिला तुझं यंत्र दिसलंच नाही. तिने मला हाक मारली होती. हाक मारताच तिचं काम संपलं, माझं सुरू झालं. व्यस्त मी होतो ना? मग माझ्या व्यस्ततेचं ओझं तिने का वाहावं? आणि संकटातल्या माणसाला एकदा हाक मारण्यापुरतंच बळ असतं रे. पुन्हा पुन्हा फोन कोण करतो? ज्याला सवड असते तो. म्हणून तुझ्या निरोपांच्या पेटीत घोडा आहे आणि शेळी नाही."

अण्णांच्या 'हं'चा अर्थ हेरंबला आता पुरता कळला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पण पोरगा रडत बसणाऱ्यातला नव्हता. त्याने यंत्रवाल्यांचा पिच्छा पुरवला. तशी सोय यंत्रात आहे, पण सहसा कुणी मागत नाही, असं त्यांनी सांगितलं. हेरंबने मागितली. यंत्र व्यस्त असताना ज्याचा फोन येईल, त्याचा नंबर यंत्राने धरून ठेवायचा, आणि मोकळं होताच आपणहून त्याला उलट फोन करून निरोप घ्यायचा. एकाने एवढ्या लांबलचक गोष्टी सांगून पेटी अडवू नये म्हणून त्याने निरोपाची लांबीही आखडून घेतली. मग अण्णांसमोर त्याने फोन ठेवला. "अण्णा, त्या गोड बाईंना मी कायमचा निरोप दिलाय. आता तुम्ही बोला."

अण्णा खाकरले आणि यंत्रात बोलले, "मी अण्णा बोलतोय. तुझा फोन आला होता, मी कामात होतो. आता सांग. मी ऐकतोय."

आणि तो दिवस आला. सकाळची वेळ. दवाखान्यात अण्णा आणि हेरंब एका खोंडाची जखम शिवत होते. यंत्रावर शेठजी होते. घोड्याने रात्री दोनदा शिंकल्याचं ते सांगत होते. नेमक्या त्याच वेळी डोंगराकडच्या वाडीवर मोहरीच्या कळा सुरू झाल्या आणि तानूबाईने फोन लावला. यंत्र व्यस्त. तानूबाईने फोन मदतीला धावून आलेल्या शेजारणीच्या हातात दिला आणि ती मोहरीपाशी जाऊन बसली.

"अगं, पुन्यांदा लाव की!" शेजारीण ओरडली.

"लावलाय एकदा."

"तुझी शेळी अशीच गेली न्हवं? लाव म्हणते ना!"

"अण्णांनी एकच म्हटलंय," तानूबाई म्हणाली. मोहरी आडवी झाली होती, पाय झाडत होती. रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. तानूबाईचे दोन्ही हात त्या पायाला धरून होते, आणि तोंडाने ती मोहरीला चुचकारत होती, ग माझे बाय, ग माझे बाय.

शेजारीण स्वतःच नंबर दाबायला गेली, आणि तेवढ्यात तिच्या हातातला फोन खणखणला! ती एवढी दचकली की फोन गव्हाणीत पडता पडता राहिला. तिने तो तानूबाईच्या कानाला लावला.

"मी अण्णा बोलतोय. तुझा फोन आला होता, मी कामात होतो. आता सांग. मी ऐकतोय."

"अण्णा!" तानूबाईने हंबरडाच फोडला. "तानू बोलतीया! एकच पाय दिसतोय, दुसरा न्हाई! लवकर या!"

हेरंबच्या खिशात निरोप वाजला. शेवटचा टाका घालून, दोरा कापून तो उठला तेव्हा अण्णा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेसुद्धा होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण नियम तोच. वाडीवर पोचताच हेरंबला वाटलं, आता अण्णा बाह्या सरसावतील. अण्णा गोठ्याच्या दारात एक टोपली पालथी घालून तिच्यावर बसले.

"तू," ते म्हणाले.

"अण्णा, मी एकट्याने कधी..."

"तुझ्याच हाताने. मी इथे आहे."

हेरंबने हात धुतले, तेल लावलं आणि हात आत घातला. रेडकाचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे अडकला होता. अण्णा दारातून सांगत होते. आधी मागे लोट. घाई नको. कळ जाऊ दे. आता खूर मुठीत घे, नाहीतर गर्भपिशवी फाटेल. हळू. हळू रे! हेरंबच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता आणि तानूबाई मोहरीच्या मानेला मिठी मारून बसली होती. मग हेरंबच्या तोंडून एकदम निघालं, "आला! सरळ झाला!"

पुढच्या कळेला त्याने आणि तानूबाईने मिळून ओढलं आणि रेडकू गवतावर येऊन पडलं. काळंभोर, ओलंचिंब, कपाळावर पांढरा ठिपका. क्षणभर ते हललंच नाही. हेरंबने त्याच्या नाकातला चिकटा काढला, काडीने नाकपुडीत गुदगुल्या केल्या, आणि ते असं फुर्रकन शिंकलं की शेजारीण हसत सुटली.

"रेडी हाय! रेडी झाली!" ती अंगणात धावत ओरडली, आणि सगळी वाडी गोठ्यापाशी जमा झाली. मोहरी उठून उभी राहिली आणि लेकराला चाटू लागली. तानूबाई हसत होती, रडत होती, आणि शेणाने भरलेल्या हातांनीच तिने हेरंबच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली.

बातमी बाजारापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! तिसऱ्या प्रहरी शेठजी आपल्या गाडीतून वाडीवर हजर झाले. म्हैस पाहिली, रेडी पाहिली, आणि चक्क चढा भाव बोलले. तानूबाई त्यांना खाली बसा म्हणाली. तिने पहिल्या चिकाचा खरवस केला होता. त्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि मान ताठ करून म्हणाली, "हे खावा, शेठजी. म्हैस इकायची न्हाई. आमच्या फोनला उत्तर येतंय आता."

शेठजींनी निमूटपणे खरवस खाल्ला. चांगला झाला होता, हे त्यांनाही कबूल करावं लागलं.

परतल्यावर हेरंबने विचारलं, "अण्णा, तुमचा हात आज अगदी सहज चालला असता. मग मला का?"

अण्णांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "तिच्या हाकेला मी उत्तर देतो असं म्हणालो होतो. पण मी किती दिवस? त्यातला माझा आवाज आता पूस. तुझा भर."

हेरंबने अण्णांचा आवाज पुसला. मग बोलला, "मी हेरंब बोलतोय. तुमचा फोन आला होता, मी कामात होतो. आता सांगा. मी ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी त्या आवाजाला मिळालेला पहिला निरोप तानूबाईचा होता. यंत्र व्यस्त असताना तिने फोन केला होता, आणि यंत्राने उलट फोन केल्यावर ती एवढंच बोलली होती, "काय न्हाई रं बाबा. रेडी दूध प्यायली. तेवढं सांगायचं हुतं."

व्यस्त तर आपण सगळेच असतो. ज्याने आपल्याला हाक मारली, त्याला ती दुसऱ्यांदा मारावी लागू नये, एवढं जरी आपल्याला साधलं तरी पुष्कळ झालं.