बाळाआधी वरवंटा

वस्तू आपसांत मोकळेपणी बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका गावाने घराघरांतल्या पिढीजात वस्तू देवळामागच्या खोलीत जपून मांडल्या होत्या. त्यांत घोलपांचा सागवानी पाळणा होता आणि त्यांचाच दगडी वरवंटा.

घोलपांना नात झाली. बारशासाठी दोघांना घरी न्यायचं ठरलं.

वरवंटा म्हणाला, "अरे, तुझी कडी गंजलीय. जरा करकर, म्हणजे त्यांना कळेल."

"करकरलो तर मला नेतील का? तू मसाला वाटणारा धोंडा, तुला पाळण्यातलं काय कळतं?"

लाकडाला मान मिळाला, की ते असंच बोलतं.

बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवायची तिथली रीत. बारशाला सुनेने त्याला कुंची घालून निजवलं आणि झोका दिला. पाळण्याने करकर दाबून धरली. कडी तुटली. वरवंटा फरशीवर आपटून दुभंगला. बाळ आत्याच्या मांडीवरच होतं.

दोघांना पुन्हा खोलीत आणून ठेवलं. पाळणा एका अंगावर कलंडून पडला होता.

"पोरगी रडली का रे?" वरवंट्याने विचारलं.

"नाही. झोपली होती."

"मग तोंड कसलं पाडलंस? उद्या लोहार येतोय. दुसरी कडीही तसलीच आहे. त्याच्यासमोर तरी करकर."